गर्दीचा सराव

लग्नाची पत्रिका हातात पडली की आमच्या शाळेतले पी.टी.चे सर ती उघडायच्या आधीच विचारत, “दोघांचं रक्त तपासलं का?”

पत्रिका देणारा गोंधळायचा, मग हसायचा. सर हसत नसत. ते समजावून सांगायला लागत. आपल्या नवापूरच्या डोंगरपट्टीत सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे. तो नवरा-बायको दोघांच्याही रक्तात लपलेला असला तर मूल आजारी निपजू शकतं. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. अजून वेळ गेलेली नाही. हे सगळं त्यांनी एकदा आमच्या शाळेतल्या क्लार्कच्या लग्नात, स्टेजवर, नवरदेवाचा हात हातात धरून सांगितलं. अक्षता पडून गेल्या होत्या. फोटोवाला कॅमेरा खाली घेऊन बघत राहिला. नवरीचा मामा पुढे आला तसे सर खाली उतरले आणि न जेवता घरी गेले. त्यानंतर त्यांच्याकडे पत्रिका येणं जवळजवळ बंदच झालं.

मी तेव्हा शाळेत नवी होते. माझं माहेर रनाळ्याचं, लग्न होऊन नवापुरात आलेली. हा माणूस विक्षिप्त आहे असं मी ठरवून टाकलं. पुढे ते आमच्याच गल्लीत, आमच्या भिंतीला भिंत लागून राहायला आले. पावसाळ्यात त्यांच्या मुलाचं कण्हणं भिंतीतून ऐकू यायला लागलं, तेव्हा मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला. ठरवलेलं मत काही बदललं नाही. सर विक्षिप्त होतेच.

ते मूळचे गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या एका डोंगरातल्या गावचे. घर ख्रिस्ती, शेती थोडी, आणि घरात कोकणी बोलणारं. ही आमच्याकडची डोंगरातली कोकणी, समुद्राकाठची नव्हे. मराठी त्यांनी शाळेच्या पुस्तकातून उचललेली, त्यामुळे ते पुस्तकासारखंच बोलत. पोरांनी रांग मोडली तर ओरडायच्या ऐवजी म्हणत, “मुलांनो, रांगेचा मान राखा.” स्टाफरूममधून निघताना म्हणत, “आता मी मैदानाकडे प्रस्थान करतो.” बाकीचे शिक्षक त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करत. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी बोलण्यात एक अक्षर बदललं नाही.

कवायत शिकवणाऱ्या या माणसाच्या मुलाला धावायची मनाई होती. नितेश त्याचं नाव. शरीराला थंडी लागली, पाणी कमी पडलं किंवा दम लागला की त्याच्या रक्तातल्या पेशी वाकड्या होऊन अडकत आणि हाडांत कळा सुरू होत. शाळेचं मैदान पोरांनी भरलेलं असताना तो कडूनिंबाखाली खुर्चीवर बसायचा, भर उन्हाळ्यातही पायात लोकरीचे मोजे घालून. सरांनी त्याला एक जादा शिट्टी दिली होती. सरांनी हात वर केला की नितेश शिट्टी वाजवायचा आणि सगळी शाळा एकदम हात वर करायची. पोरं त्याला छोटे सर म्हणत. त्याला ते आवडायचं असं मला वाटे. तो कधी काही बोलला नाही.

सरांचा सगळा विश्वास सरावावर होता. स्पर्धेचा, संचलनाचा सराव सगळेच शिक्षक घेतात. सर सगळ्याच गोष्टींचा घेत. दहावीची पोरं परीक्षेआधी एका सकाळी त्यांच्यामागून परीक्षाकेंद्रापर्यंत चालत जात आणि बाहेरूनच परत येत. नितेशला दवाखान्यात न्यायचाही सराव असे. तो बरा असताना, एखाद्या साध्या रविवारी, सर अचानक म्हणत, “चला.” नितेशची आई, आमच्या वहिनी, कपड्यांची पिशवी उचलत. नितेशची थोरली बहीण रोशनी पाण्याचा थर्मास आणि औषधं घेई, सर त्याला उचलून कोपऱ्यावरच्या रिक्षापर्यंत जात आणि घराची किल्ली माझ्या हातात देण्यात येई. रिक्षावाल्यालाही सवय झाली होती. तो विचारायचा, “आज खरं का सराव?” सराव असला तर तो स्टेशनापर्यंत नेऊन परत आणायचा. नितेश वडिलांच्या खांद्यावरून आमच्याकडे बघत हात हलवायचा. एवढा मोठा मुलगा कडेवर, म्हणून गल्लीतली पोरं हसायची, आणि तो तोंड दुसरीकडे वळवायचा.

आमचं गाव सीमेवरचं. दिवाळीत व्यापाऱ्यांची दुकानं पाडव्यानंतरच्या लाभपाचमीपर्यंत बंद असतात आणि त्या आठवड्यात अर्धं नवापूर सुरतेकडे निघतं. सुरतेच्या पलीकडे एक मोठं पार्क आहे. झुले, पाळणे, आरशांचं घर, छोटी आगगाडी आणि पाण्याचे खेळ. त्यात लाटांचं एक तळं आहे. भोंगा वाजतो आणि समुद्रासारख्या लाटा सुटतात. सुट्टीनंतर शाळा उघडली की पोरं महिनाभर त्या भोंग्याचा आवाज काढत फिरत.

नितेश दर वर्षी विचारायचा आणि सर दर वर्षी नाही म्हणायचे. कारणं सगळी खरी होती. पाणी थंड, ऊन कडक, रांगा लांब, चालणं फार. एका वर्षी गणपतीनंतर सर आमच्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

“मॅडम,” ते म्हणाले, “नितेशनं यंदा विचारलं नाही.”

त्या पावसाळ्यात नितेश दोनदा दवाखान्यात राहून आला होता. मला वाटलं, मुलगा मोठा झाला, समजूतदार झाला, बरंच आहे. तसं मी म्हटलंही. सरांनी मान हलवली. आजारी मुलानं मागणं सोडलं की आपल्याला भीती वाटते, असं ते म्हणाले, आणि यंदा जायचं ठरवलं आहे असंही म्हणाले. आमच्या कुटुंबानंही सोबत यावं ही त्यांची विनंती होती, कारण जास्त मोठी माणसं असली तर मुलांवर लक्ष राहील. मी म्हटलं, जाऊ या, पण दिवाळीच्या आठवड्यात नको. सुट्ट्या संपल्यावर एखाद्या साध्या वारी जाऊ, पार्क मोकळं असेल.

“हे मी त्याला विचारलं,” सर म्हणाले. “तो म्हणाला, रिकाम्या बागेत मी काय करू? मॅडम, त्याला गर्दीतच जायचं आहे. तो कायम गर्दीच्या कडेला बसलेला आहे.”

मग सराव सुरू झाला. शाळा सुटली की सर मैदानावर खुर्च्या मांडून त्यांना दोर बांधत, तिकिटाच्या रांगेसारखी नागमोडी वाट तयार करत आणि नितेश, रोशनी आणि माझा ओम यांना त्या वाटेत उभं करत. कुणी बोलायचं नाही असं नव्हतं, बोलावं, पण उभं राहावं. मध्येच सर शिट्टी वाजवत. शिट्टी झाली की नितेशनं घडीच्या स्टुलावर बसायचं आणि कोमट पाणी प्यायचं. ओमला पहिल्या दिवशी मजा वाटली, तिसऱ्या दिवशी तो घरात लपून बसला. मग आठवड्याच्या बाजारात सराव. ऐन गर्दीच्या वेळी सर तिन्ही मुलांना घेऊन सुक्या मासळीच्या ओळीपासून भांड्यांच्या ओळीपर्यंत जात आणि परत येत. हात सुटला तर शोधत फिरायचं नाही, जिथं आहोत तिथंच थांबायचं आणि शिट्टी वाजवायची. एका बाजारात सरांनी मुद्दाम हात सोडला आणि ते लपून उभे राहिले. नितेशची शिट्टी पहिल्यांदा बारीक आली, मग जोरात. भाजीवाल्या बायका उठून बघायला लागल्या.

माझे यजमान वीज कंपनीत आहेत, घरी आम्ही अहिराणी बोलतो. ते मला म्हणाले, “हाऊ माणूस पार्कमा जाई ऱ्हायना का लढाईले?” पण गाडी ठरवायचं काम त्यांनीच केलं.

दिवाळीला थोडे दिवस राहिले असताना सर एका दिवसाची रजा टाकून गायब झाले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी मला सांगितलं, ते एकटेच पार्क बघून आले होते. नितेश ज्यात बसू शकेल अशा प्रत्येक खेळात ते स्वतः बसले होते. गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांवर, लहान मुलांच्या आगगाडीत, हत्तीच्या पाळण्यात. प्रत्येक तळ्यात त्यांनी कोपरापर्यंत हात घालून पाहिला. गळ्यात शिट्टी घातलेला हा उंच, एकटा माणूस मुलांच्या खेळांत फिरतोय म्हटल्यावर पहारेकऱ्यानं त्यांना धरून ऑफिसात नेलं. तिथं त्यांना बराच वेळ उभं करून ठेवलं. शेवटी त्यांनी मुलाचा आजार सांगितला. मग तिथल्या साहेबांनी चहा मागवला आणि सांगितलं की अगदी लहान मुलांचं जे उथळ तळं आहे, त्यातलं पाणी दुपारनंतर उन्हानं कोमट होतं.

हे सगळं ऐकून स्टाफरूममधले दोघं हसायला लागले. सर त्यांच्याकडे न बघता मला म्हणाले, “लाटांच्या तळ्यातलं पाणी फार गार आहे. ते आपल्याला वर्ज्य. उथळ तळं चालेल. जेवणानंतर, थोडा वेळ.”

ठरल्या दिवशी आम्ही अंधार असतानाच निघालो. नितेशनं स्वेटर आणि कानटोपी घातली होती. सोनगडच्या पुढे उजाडलं, आणि पार्क यायच्या कितीतरी आधी गाड्यांची रांग लागली. एवढी माणसं मी एका जागी कधी पाहिली नव्हती. सुरतेच्या सोसायट्यांच्या बसेस, धुळ्याकडच्या गाड्या, डबे, चटया, म्हाताऱ्या, तान्ही पोरं. दारापाशी तिकीट मोबाईलवर काढलेले आणि न काढलेले सगळे एकाच रांगेत घुसले होते. आमच्या पुढच्या बाईला भोवळ आली. आमच्यातलं कुणी डगमगलं नाही. नितेश स्टूल टाकून बसला, पाणी प्यायला, उठला, पुन्हा उभा राहिला. ओमसुद्धा शहाण्यासारखा वागला. माझे यजमान सरांकडे बघून नुसते मान हलवत होते.

दुपारपर्यंतचा वेळ फार चांगला गेला. एवढं आनंदी मी त्या पोराला आधी पाहिलं नव्हतं. गंमत अशी की खेळांपेक्षा त्याला ढकलाढकलीच आवडत होती. आगगाडीच्या रांगेत एका माणसाचा कोपर त्याच्या खांद्याला लागला, मागच्या पोरानं त्याच्या बुटावर पाय दिला. त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं आणि तो हसला. इथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. कुणी सांभाळून बाजूनं जात नव्हतं.

जेवण झाल्यावर सरांनी त्याला उथळ तळ्यावर नेलं. पाणी खरंच कोमट होतं, मी हात घालून पाहिला. ते त्याच्या पोटऱ्यांपर्यंतही येत नव्हतं. भोवती लंगोट बांधलेली, नीट चालता न येणारी पोरं. नितेश अकरा वर्षांचा, त्यांच्या मधोमध उभा. कुठे हात ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. एक गुजराती बाई त्याला गोड आवाजात म्हणाली, बेटा, जरा बाजूला हो, लहान मुलांना लागेल. तो बाजूला झाला. मग बाहेर आला, पाय पुसले, मोजे घातले आणि झालं म्हणाला.

तेवढ्यात पलीकडे भोंगा वाजला आणि शेकडो माणसांचा एकदम आरडाओरडा ऐकू आला. नितेशनं तिकडे पाहिलं नाही. तो मोज्याची सुरकुती नीट करत बसला.

रोशनी तेरा वर्षांची होती. भावामुळे तीही कधी कुठे गेली नव्हती आणि त्याबद्दल तिनं कधी कुरकूर केली नव्हती. ती वडिलांच्या जवळ जाऊन हळूच म्हणाली, “पप्पा, एकदा नेऊ या ना त्याला. तो आता विचारणार नाही.”

वहिनींनी सरांकडे पाहिलं. त्या नाही म्हणाल्या नाहीत. सरांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली आणि नितेशचा हात धरला. फक्त काठाला, फक्त पावलं भिजतील एवढं, एकदाच, असं त्यांनी आम्हा सगळ्यांना सांगितलं.

मी कठड्यापाशी टॉवेल घेऊन उभी होते. काठाला थांबायला तिथं जागाच नव्हती. मागून येणारी माणसं पुढच्यांना आत ढकलत होती. सरांनी नितेशला खांद्यावर घेतलं. भोंगा वाजला, पहिली लाट आली, दुसरी आली, आणि तो वरून हात पसरून ओरडत होता. मग तो खाली वाकून वडिलांच्या कानात काहीतरी म्हणाला. सरांनी त्याला खाली उतरवलं. पुढची लाट त्याच्या डोक्यावरून गेली. क्षणभर तो दिसेना. मग वर आला, केस कपाळावर चिकटलेले, तोंड उघडं, आणि तो इतका हसत होता की त्याला श्वास घेता येत नव्हता.

लाटा थांबल्या. माणसं बाहेर पडायला लागली. मला वाटलं, आता हे येतील. सर आले नाहीत. नितेशच्या छातीपर्यंत आलेल्या त्या गार पाण्यात ते दोघं उभे राहून पुढच्या भोंग्याची वाट बघत राहिले. वहिनी माझ्याजवळ येऊन उभ्या होत्या. त्यांनी हाक मारली नाही. सरांच्या चेहऱ्याकडे मी दुरून बघत होते. नेहमी पुढच्या गोष्टीची तयारी करणारा तो चेहरा त्या वेळी कसलीच तयारी करत नव्हता.

बाहेर आल्यावर मात्र सगळं झटपट झालं. कोरडे कपडे, कानटोपी, कोमट पाणी, उन्हात बसवणं. नितेशचे ओठ काळेनिळे पडले होते, पण बोलणं थांबत नव्हतं. परतीच्या गाडीत तो बारडोलीपर्यंत ओमशी वाद घालत होता की कोणती लाट मोठी. मग गप्प झाला. व्यारा जवळ आलं तेव्हा म्हणाला, पाय दुखतायत. थोड्या वेळानं म्हणाला, पाठ पण.

व्याऱ्याच्या दवाखान्यानं सलाइन लावून त्याला पुन्हा सुरतेला पाठवलं. आम्ही मुलांना घेऊन नवापूरला आलो. सर, वहिनी आणि नितेश ॲम्ब्युलन्समधून ज्या वाटेनं आलो होतो त्याच वाटेनं मागे गेले. दोन दिवस कळा होत्या, मधे थोडा उतार पडला, मग दुखणं छातीत गेलं. लाभपाचमीच्या आदल्या दिवशी तो गेला.

मातीला आम्ही त्यांच्या गावी गेलो. टेकडीखाली छोटं चर्च, मागे कबरी आणि पलीकडे लगेच गुजरातची हद्द. प्रार्थना झाली. माती लोटून झाल्यावर सरांच्या थोरल्या भावानं सगळ्यांसमोर विचारलं, असल्या पोराला गार पाण्यात नेलं कुणी? रोशनी पुढे झाली. तिनं तोंड उघडलं होतं. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला जवळ ओढलं.

“मी नेलं,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुणाचंही यात काही नाही. निर्णय माझा होता.”

तिथं सगळे कोकणी बोलत होते. आम्ही शाळेतली चार माणसं सोडली तर मराठीची गरज कुणालाच नव्हती. सर मराठीतच बोलले, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. सगळ्यांना कळलं. रोशनीचं नाव पुढे कधी कुणाच्या तोंडी आलं नाही. मीही ते कुठे बोलले नाही.

वहिनी माहेरी गेल्या त्या नाताळ उलटल्यावर आल्या. घर पुन्हा सुरू झालं. भिंतीतून भांड्यांचा आवाज येई, कुकरची शिट्टी येई, रोशनीचा आवाज येई. सर-वहिनींचं एकमेकांशी बोलणं येत नसे. काही सांगायचं असेल तर रोशनीमार्फत. पप्पांना म्हणावं, जेवण वाढलंय. आईला म्हणावं, मला भूक नाही. ती पोरगी दोन खोल्यांत निरोप पोचवत असे.

सर शाळेत येत होते. सराव त्यांनी सोडून दिला. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला पोरं तशीच उभी राहिली आणि पाय चुकत गेली. कधी कधी सर मैदानावर हात वर करत आणि तो तसाच राही. पोरं वाट बघत, मग आपसांत बोलायला लागत. कुणी त्यांची नक्कल करेनासं झालं.

मी एकदा त्यांना सांगून पाहिलं. सुरतेच्या डॉक्टरांनी माझ्या यजमानांना म्हटलं होतं की अशा दुखण्यात एकच कारण दाखवता येत नाही, दमणं, थंडी, आधीचा अशक्तपणा, पुष्कळ गोष्टी मिळून होतं, पाण्यात न जाताही झालं असतं. सरांनी ऐकून घेतलं आणि “होय” म्हणाले. गृहपाठ घरी विसरलो असं सांगणाऱ्या पोराला ते ज्या आवाजात होय म्हणत, तोच तो आवाज होता.

त्यांच्या तोंडून त्या दिवसांबद्दल मी एकदाच ऐकलं. उन्हाळा लागला होता. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. मी वह्या तपासत होते. ते खिडकीपाशी बसले होते. मी काही विचारलं नव्हतं.

दवाखान्यात नितेशच्या शेजारच्या खाटेवर त्याच्याच वयाचा एक मुलगा होता, पाय मोडलेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इंजेक्शननं कळा जरा थांबल्या तेव्हा नितेश त्याला लाटांच्या तळ्याची हकिकत सांगायला लागला. पाणी डोक्यावरून गेलं, भोवती अनोळखी माणसं होती, मी पार मधोमध गेलो होतो, आणि एकटा गेलो होतो. त्या मुलाला खरं वाटेना. त्यानं विचारलं, आणि तुझे पप्पा? नितेश म्हणाला, पप्पा बाहेर टॉवेल घेऊन उभे होते. सर दोन खाटांच्या मधल्या स्टुलावरच बसले होते. त्या मुलानं त्यांच्याकडे बघून विचारलं, खरंच का?

मी पेन खाली ठेवला.

“मग तुम्ही काय म्हणालात, सर?”

“मी म्हणालो, हो. मी बाहेरच होतो.”